पानांचे घागरे घालून कोण फिरतं हो?

शाळेचं गॅदरिंग आलं की परत तेच! ‘आदिवासी नृत्य’ म्हणून पोरांच्या तोंडाला काळं फासायचं, कमरेला क्रेप कागदाची पानं गुंडाळायची, हातात थर्माकोलचा भाला द्यायचा आणि ‘झिंगालाला’ करत नाचवायचं. खाली आई-बाबा मोबाईल वर करून खूश. अंगाचा नुसता तिळपापड होतो माझा.

अहो, बडोद्यापासून शंभरेक किलोमीटरवर छोटाउदेपूर आहे. २०१३पर्यंत आपल्याच बडोदा जिल्ह्यात होतं! तिथले राठवा आदिवासी नवस फेडायला घराच्या ओसरीत पिठोरा, म्हणजे देवाचं भित्तिचित्र, काढून घेतात. आधी भिंत शेणामातीनं सारवून पांढरी करायची, रंगात दूध आणि मोहाची दारू कालवायची, मग लखारा, म्हणजे त्यांचा चित्रकार, देवांचे घोडे रंगवतो. बडव्याच्या, म्हणजे त्यांच्या भगताच्या, अंगात येतं आणि तो एकेक आकृती तपासतो. काही राहिलं असेल तर तिथल्या तिथे भरायचं. यात पानांचा घागरा कुठे आला?

आणि याच भागातली माणसं आपल्या इमारती बांधायला येतात. पोरं वाळूच्या ढिगावर, गावची शाळा सुटलेली. त्यांच्याकडे ढुंकून बघायचं नाही, पण पिठोऱ्याचे घोडे मात्र दिवाणखान्यात हवेत, तेही सोफ्याला मॅचिंग!

बाईंना बोलले तर म्हणाल्या, “मुलांची गंमत असते हो.” कसली गंमत? त्याच छोटाउदेपूर जिल्ह्यात तेजगढला आदिवासी अकादमीचं संग्रहालय आहे. दरवर्षी वॉटरपार्कला नेता ना, एकदा तिथे न्या पोरांना!