हलक्या गाडीचं अवजड दुखणं

गाडी स्वतःच्या हातांनी जोडली की माणसाला वाटायला लागतं, आता आपल्याला गाडीतलं कोणी काही शिकवू शकत नाही. हा माज टायर घ्यायला जाईपर्यंत टिकतो.

किट कार म्हणजे काय, हे ज्यांच्या वाट्याला आलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खोक्यांतून नळ्यांचा सांगाडा, पत्रे, नटबोल्ट आणि भलत्याच गाडीचं इंजिन येतं. पुढे तुम्ही आणि तुमचं नशीब. या प्रकाराचं बरंचसं खापर ब्रिटनच्या लोटस कंपनीच्या संस्थापकाच्या, कॉलिन चॅपमनच्या डोक्यावर फोडता येतं. त्याची लोटस सेव्हन १९५७ साली आली. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी-कर होता, सुट्या भागांच्या किटवर नव्हता. कर वाचतोय म्हटल्यावर भली भली माणसं पाना-पक्कड घेऊन गॅरेजात जाऊन बसली. जोडणीची पुस्तिका दिली तर ही करसवलत जायची, म्हणून ‘गाडी सुटी कशी करावी’ अशी पुस्तिका द्यायचे आणि लोक ती शेवटच्या पानापासून वाचायचे, असं सांगतात. माझी गाडी जोडून झाल्यावर मला या गोष्टीत काही अशक्य वाटत नाही. १९७३ पासून केटरहॅम या कंपनीने ती सेव्हन पुढे चालवली आणि तिच्या वळणाच्या गाड्या घरोघरच्या गॅरेजांत जन्म घेत राहिल्या. माझीही त्याच कुळातली. दारं नाहीत, छप्पर म्हणजे ताडपत्रीचा तुकडा, वजन साडेपाचशे किलो. चारचौघांची घरगुती गाडी हिच्या दुपटीहून जास्त भरते.

हे वजन हाच तिचा सगळा तोरा आणि टायरच्या बाबतीत हाच सगळा घोळ. कारण जगातलं टायरविषयीचं यच्चयावत ज्ञान जड गाड्या डोळ्यांपुढे ठेवून तयार झालेलं आहे.

टायरवाल्याने नेहमीप्रमाणे संगणकापासून सुरुवात केली.

“गाडी कुठली?”

सांगितली. यादीत नव्हती.

“कंपनी?”

“तशी मीच.”

“कुठल्या वर्षाचं मॉडेल?”

“काम अजून चालूच आहे.”

त्याने कीबोर्ड बाजूला सारला, बाहेर आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि उकिडवा बसून जुन्या टायरची कड वाचायला लागला. माणूस शहाणा होता. यादीत नसलेल्या गाडीचा हा एकच दाखला.

कडेवर होतं, १९५/५० आर १५ ८२ व्ही. रुंदी मिलिमीटरमध्ये, कडेची उंची त्या रुंदीच्या टक्क्यांत आणि रिमचा व्यास इंचांत. एका ओळीत तीन मापं, तिघांचं आपापसांत बोलणं नाही. पुढचा ८२ म्हणजे हा टायर ४७५ किलो पेलतो. चौघे मिळून १९०० किलो. माझी गाडी, मी, बायको, भरलेली टाकी आणि आजवरच्या पावत्यांची फाइल एवढं सगळं चढवलं तरी आम्ही त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर. उघडी चाकं आणि उभी काच यांमुळे आमच्या गाडीचं आणि वाऱ्याचं कधीच पटलेलं नाही. तो वेग ती विमानात घालून नेली तरच गाठेल.

“एक्स्ट्रा लोडवाला देतो, साहेब. मजबूत येतो.”

मी त्याला समजावलं की टायर फाटेल ही माझी भीती नाही. आपल्यावर गाडी आहे हे टायरला कळतच नाही, ही माझी तक्रार आहे. जादा वजनासाठी बांधणी आणखी ताठ केलेला टायर घालून मी रस्त्यावरून टणाटण उडत जाईन. त्याने मान हलवली. ती मान मी ओळखतो. आमच्या डॉक्टरांचीही माझ्यापुढे तशीच हलते.

आता जरा रबरात शिरू. टायर रस्ता धरतो तो रबर ऊबदार असतं तेव्हा. ही ऊब येते कुठून? चाक फिरताना टायर क्षणोक्षणी दबतो, सुटतो, पुन्हा दबतो. या मळण्यात रबर थोडी शक्ती गिळतं आणि तापतं. पण दाबायला वजन लागतं. दीड टनाची गाडी दोन-चार वळणांत टायरचा घाम काढते. तोच नामांकित टायर माझ्या गाडीखाली तासभर फिरून येतो आणि विचारतो, “निघायचं ना?”

म्हणून हलक्या गाडीला मऊ, लवकर जागं होणारं रबर लागतं. मऊपणाचा थोडाफार अंदाज ट्रेडवेअरच्या आकड्यावरून येतो. अमेरिकेतल्या नियमामुळे तो टायरवर छापतात: तुलनेसाठी ठरवलेल्या टायरला १०० धरायचं, आणि २०० म्हणजे चाचणीत त्याच्या दुप्पट टिकणारा. रोजच्या वापराचे टायर तीनशे-चारशेच्या घरात असतात. शर्यतीच्या ट्रॅकवरच्या मंडळींच्या तोंडी असलेले सेमी-स्लिक, म्हणजे जवळजवळ गुळगुळीत, मऊ रबराचे टायर, जसे टोयोचा आर८८८आर, योकोहामाचा ए०४८, नानकांगचा एआर-१, हे शंभराच्या आसपास किंवा खाली. असले टायर जड गाडी बघता बघता खाऊन टाकते. हलकी गाडी त्यांना चवीने, बेताने खाते. माझ्या हौसेने आणि माझ्या कंजूषपणाने प्रथमच एकाच बाजूने मत दिलं.

निसर्गानेही आम्हाला एक सवलत दिलेली आहे. टायरवरचं वजन दुप्पट केलं म्हणून पकड दुप्पट होत नाही. थोडी कमीच पडते. उलट वजन निम्मं केलं तर निम्म्याहून जरा जास्त पकड शिल्लक राहते. म्हणजे त्याच टायरमधून हलकी गाडी किलोमागे जास्त पकड वसूल करते. हे मी बायकोला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं.

“मग आहेत तेच टायर राहू दे की,” ती म्हणाली.

भौतिकशास्त्राचा असा उपयोग होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. पण आहेत ते राहू देणं शक्य नव्हतं. कडेवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. माझ्या टायरवर २३१५ होतं, म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी अगदी नव्यासारखी उभी, पण रबरात नख रोवायला गेलो तर नखच वाकलं. मऊ रबर तापतं, निवतं, पुन्हा तापतं, पुन्हा निवतं, आणि दर खेपेला थोडं आणखी कडक होतं. त्यात वयाची भर. जड गाड्यांचे टायर झिजून जातात, आमच्याकडचे म्हातारपणाने. हे बायकोला पटवताना मी तिलाही नख रोवून बघायला सांगितलं. तिने नकार दिला. नखांना नुकताच रंग लावला होता.

रुंदीवरून मात्र सगळ्यांचंच मत असतं. माझा एक मित्र गाड्यांतला जाणकार समजला जातो, त्याचं म्हणणं, “दोनशे पंचवीस टाक. मागून काय दिसेल!” मागून दिसेल हे कबूल. पण रुंद टायर म्हणजे आणखी रबर, आणि जे आहे तेच तापवताना आमची मारामार. त्यात चाक जड झालं की गाडीचं वजन कमी करण्यासाठी जी जागोजागी भोकं पाडली त्यांची माती. स्टिअरिंगला पॉवर नाही; पार्किंगमध्ये गाडी वळवताना जोर लावायचा तो माझा मला. मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “पण दिसेल.”

मग तेरा इंची चाकांचा पंथ आहे. या पंथाचं म्हणणं असं की अशा गाडीला तेरा इंचीच शोभतं, चाक हलकं पडतं, गिअरही आखूड भासतो. सगळं खरं. पण घरगुती गाड्यांनी तेरा इंची चाक केव्हाच सोडलं, त्यामुळे त्या मापात एका टोकाला कुणा गरीब छोट्या गाडीचा सोशिक टायर मिळतो आणि दुसऱ्या टोकाला थेट शर्यतीचा, रस्त्यावर चालवायची परवानगी नसलेला. मधलं फार थोडं. पंधरा इंचीत निवड करता येते, एवढ्या एका कारणासाठी मी पंधरावर राहिलो. तेराच्या पंथातल्या लोकांनी माझ्याशी बोलणं सोडलं नाही, पण आवाजात कीव आली.

खरा पेच पावसाचा. सेमी-स्लिकवर नक्षी असते, पण ती कायद्याची समजूत काढण्यापुरती. कोरड्यात जितकं जास्त रबर जमिनीला टेकेल तितकं बरं, असा त्याचा हिशेब. पाण्याला मात्र निघून जायला चर लागतात. नासाच्या संशोधकांनी १९६३ साली विमानांच्या चाकांवरून एक सोपं सूत्र मांडलं: टायरमधल्या हवेच्या दाबाचं, पीएसआयमध्ये, वर्गमूळ काढा आणि नऊने गुणा, तेवढ्या नॉट (जहाज-विमानांचं वेगाचं माप) वेगाला गुळगुळीत टायर साचलेल्या पाण्यावर तरंगायला लागतो. घरगुती गाडीत ३२ पीएसआय हवा असते. म्हणजे ताशी साधारण ९४ किलोमीटर. आमच्यात वजनच नसल्यामुळे हवा १८ ठेवतात. हिशेब केला तर ७० आले. पाणी चरांच्या खोलीहून कमी असेल तोवर एवढं घाबरायचं कारण नाही, हे मी लगेच जोडलं, पण तोवर बायकोने आकडा उचलला होता.

“म्हणजे सत्तरच्या पुढे आपण गाडीत नसतो, होडीत असतो.”

“साचलेल्या पाण्यावर फक्त.”

“आणि होडीला छप्पर नाही.”

यावर उत्तर नव्हतं. ट्रॅकवरच्या एका बुजुर्गांनी तोडगा सांगितला: “दोन सेट ठेवा. रस्त्याला एक, ट्रॅकला एक.” मी विचारलं, ट्रॅकचा सेट ट्रॅकवर न्यायचा कसा? माझ्या गाडीच्या डिकीत एक जाडसर स्वेटर मावतो, तोही घडी नीट घातली तर. ते म्हणाले, “ट्रेलर घ्या.” ट्रेलर ओढायला मोठी गाडी लागणार. मोठ्या गाडीला टायर लागणार. इथवर आल्यावर मी त्यांना नमस्कार केला.

ट्रॅकवर एकदा जाऊन बघा, टायर हा तिथे देव आहे. प्रत्येक फेरी संपली की माणसं गाडीतून उतरतात ती थेट गुडघ्यांवर. कोणी सुईचा तापमापक रबरात खुपसतो: आत, मध्ये, बाहेर अशा तीन जागी. मध्ये जास्त तापला तर हवा जास्त, दोन्ही कडा तापल्या तर कमी. नुसतीच आतली कड तापली असेल तर चाकाचा कॅम्बर, म्हणजे उभ्या चाकाचा आत-बाहेर कल, बघा, आणि कॅम्बर म्हटलं की अख्खी दुपार गेली. कोणी टायरच्या खांद्यावर खडूची रेघ ओढतो आणि वळणात ती कुठवर पुसली हे बघतो. फार खाली पुसली तर टायर लोळतोय. थंड असताना भरलेली १८ पीएसआय हवा तापल्यावर तीन-चारने वाढते, म्हणून सगळे फुस्सकन थोडी काढतात. घरी निघताना टायर निवलेले, हवा उतरलेली, म्हणून पायपंपाने पुन्हा भरतात. तापलेल्या चिकट रबराला ट्रॅकवरचे रबराचे तुकडे आणि बारीक खडी चिकटते, ती पुढचं उघडं चाक परतीच्या वाटेवर एकेक करून माझ्या कोपरावर मारतं. बायको ट्रॅकवरच्या वेगाबद्दल काही विचारत नाही, कोपराला मलम मात्र लावून देते.

शेवटी घेतला तो १९५/५० आर १५ मधलाच सेमी-स्लिक, जरा बऱ्या चरांचा. पावसाचा अंदाज बघून गाडी बाहेर काढायची, असा तह घरात झाला. टायरवाल्याने चारही चाकं प्रेमाने बसवली, बॅलन्स केली आणि हात सवयीचा असल्यामुळे ३२ भरून दिली. घरी पोचेपर्यंत सांगाड्यातला प्रत्येक वेल्ड मला वेगवेगळा कळला.

मी हवा १८ वर आणली. वजनच नाही, त्यामुळे टायर बसलेला दिसत नाही. बघणाऱ्याला काही कळत नाही. पण परवा पेट्रोल भरताना तिथल्या हवा भरणाऱ्या मुलाने मी नको नको म्हणेपर्यंत एका चाकाला गेज लावलं. आकडा बघून त्याने मला खुणेनेच थांबवलं आणि दुसऱ्या चाकाकडे गेला. मग तिसऱ्या. चौथ्या चाकापाशी तो सावकाश उठून उभा राहिला.

“साहेब,” तो म्हणाला, “चारही पंक्चर आहेत. स्टेपन्या किती आणल्यात?”