बाबांनी घरावर तुळशीपत्र ठेवले नव्हते

आज बाबांच्या शोकसभेत पाच जण बोलले आणि त्यांपैकी चौघांनी तेच वाक्य उच्चारले, की त्यांनी समाजकार्यासाठी घरावर तुळशीपत्र ठेवले. समोर आई बसली होती. शेवटच्या वक्त्यांनी तिच्याकडे हात करून तिच्या त्यागाला वंदन वगैरे केले, तेव्हा मला उठून निघून जावेसे वाटले. एखाद्याला मोठे म्हणायचे तर आधी त्याला घराबाहेर काढलेच पाहिजे, अशी आपली पक्की समजूत आहे.

मी चौथीत होते. शाळा सुरू होण्याच्या आदल्या रात्री बाबा माझ्या वह्यांना खाकी कव्हरे घालत होते. (हे काम त्यांचेच, आईने घातलेले कव्हर त्यांना ढिले वाटे.) साडेदहाच्या सुमारास एका रुग्णालयातून फोन आला. एका बाळंतिणीचा रक्तगट 'ओ' निघाला होता, पण 'ओ'ची एकही पिशवी तिच्या रक्ताशी जुळत नव्हती. "बॉम्बे असेल," एवढेच म्हणून बाबांनी मला कपाटातले रजिस्टर आणायला सांगितले. हा गट १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधला. नेहमीच्या तपासणीत तो 'ओ'सारखाच दिसतो, परंतु त्या माणसाला केवळ त्याच गटाचे रक्त चालते. रजिस्टरमध्ये अशी दोनच नावे लाल शाईने लिहिलेली होती. पहिल्याने रक्त देऊन नव्वद दिवस झाले नव्हते, म्हणून बाबांनी त्याला उठवलेसुद्धा नाही. दुसऱ्याला फोन लावला, रिसीव्हर खांद्यात धरला आणि बोलता बोलता माझ्या भूगोलाच्या वहीची घडी अंगठ्याने दाबली.

हा माणूस घर सोडून गेला होता, असे म्हणणाऱ्यांनी तो अंगठा पाहिला नव्हता.

शिवाय हे रजिस्टर सुरू झाले तेच घरातून. दादाच्या जन्माच्या वेळी आईला दोन पिशव्या रक्त लागले होते आणि ते रुग्णालयाबाहेर उभ्या असलेल्या, पैसे घेऊन रक्त देणाऱ्या एका अशक्त माणसाकडून मिळाले. तेव्हा ते सर्रास चाले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून त्यावर बंदी आली. आई वाचली, पण त्या माणसाचा चेहरा बाबांच्या डोळ्यांपुढून हलला नाही. त्यांनी आधी सख्ख्या भावांची नावे लिहिली, मग मेहुण्यांची, मग कार्यालयातल्यांची. समाज म्हणतात तो त्यांच्याकडे असा, नात्यानात्याने आला.

माझ्या साखरपुड्याला ते तासभर उशिरा पोहोचले, हे मान्य आहे. आई अजूनही ते ऐकवते आणि तिला तो अधिकार आहे. पण उशिरा येणे निराळे आणि घरावर तुळशीपत्र ठेवणे निराळे.

लिहिता लिहिता राग थोडा ओसरला आहे. ते वक्ते वाईट नव्हते. त्यांच्यातल्या दोघांच्या नातलगांसाठी बाबांनी मध्यरात्री दाते उभे केले आहेत, त्यामुळे ते कृतज्ञतेनेच बोलत असणार. तरीही ज्यांना दर नव्वद दिवसांनी बाबांचा फोन जाई आणि जे दर वेळी बैठकीत असत, त्यांनी आज त्यागावर बोलायला नको होते. मला अठरा पूर्ण झाली त्या दिवशी बाबांनी माझे नाव लिहिले आणि पुढे कंसात '१२० दिवस' असे नोंदवले, कारण स्त्रियांसाठी अंतर तेवढे ठेवतात. पासष्टी उलटल्यावर त्यांना स्वतःला रक्त देता येईना, तेव्हा आपल्या नावावर त्यांनी पट्टीने सरळ रेघ मारली आणि त्या दिवशी ते फारसे बोलले नाहीत.

सभेहून आल्यावर मी रजिस्टर काढले. त्या रात्री बाळंतिणीची व्यवस्था झाल्यावर उरलेल्या खाकी कागदाचे कव्हर त्यांनी यालाही घातले होते आणि माझ्याच वह्यांसाठी आणलेले लेबल त्यावर चिकटवले होते. विषयापुढे 'रक्तदाते' असे लिहिले आहे, नावापुढे आमचे आडनाव आहे आणि इयत्तेची जागा रिकामी आहे.