एका दिवसात पाच गावं?

आज सकाळी घरच्या ग्रुपवर रविवारचा बेत पडला. पहाटे जोतिबा, मग पन्हाळा, तिथनं बाहुबली, नरसोबाची वाडी, खिद्रापूर आणि रात्री कोल्हापुरात परत येऊन तांबडा-पांढरा. वाचूनच डोकं तापलं. पन्हाळा एका टोकाला, खिद्रापूर पार दुसऱ्या टोकाला, कर्नाटकाच्या वेशीवर. दिवसभर गाडीत कोंबून बसायचं, उतरलं की फोटो, फोटो झाला की "चला, चला, उशीर होतोय".

मागं एका मे महिन्यात आत्याला घेऊन खिद्रापूरला गेले होते. तिचे गुडघे धरलेले, त्यामुळं कोपेश्वराच्या, म्हणजे शंकराच्या, देवळातल्या स्वर्गमंडपात आम्ही बसलो ते बसलोच. मी दोनदा उठायला बघितलं, तर म्हणाली, "बस की गं, देव कुठं पळून चाललाय?" वर छताला मोठी गोल मोकळीक, खाली तेवढीच गोल शिळा, भोवती बारा खांब. दुपारी उन्हाचा गोल त्या शिळेवर येऊन बसला आणि मग हळूहळू सरकत कडेच्या खांबाकडं निघाला. तोवर मला सगळे खांब सारखेच वाटत होते. ऊन पडलं तसं दिसलं, तोच खांब खाली चौकोनी, मध्ये अष्टकोनी, वर गोल होत गेलाय.

गावातले एक आजोबा शेजारी येऊन टेकले. देवासमोर नंदी का नाही, ते त्यांनी सांगितलं. सती नंदीवर बसून माहेरी गेली, म्हणून नंदी इथं नाही, तो पलीकडं यडूरला. ती गेल्यावर शंकर कोपला आणि त्याला शांत करायला विष्णू आला, म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वराशेजारी धोपेश्वर. घाईत असतो तर हे कोण सांगणार होतं आम्हाला?

तेवढ्यात एक टोळकं आलं. एक जण चपला घालून त्या शिळेवर उभा राहिला, दुसऱ्यानं रील काढलं आणि जाताना आजोबांनाच विचारलं, "अजून काय आहे इथं बघण्यासारखं?" अरे, बाहेर जाऊन बघा तरी! अख्खं देऊळ हत्तींच्या पाठीवर उभं आहे. गेले, न बघताच. आजोबा काही बोलले नाहीत. मला मात्र अजून राग येतो.

आता पन्हाळ्याचं तेच. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत नाव आलं, सगळ्यांनी स्टेटस ठेवले. तिथं माणसं राहतात हो! त्यांच्या दारात गाड्या लावायच्या, गडाच्या 'तीन दरवाजा' नावाच्या वेशीत हॉर्न वाजवायचे, झुणका-भाकरी थापणाऱ्या बाईशी दहा रुपयांवरून हुज्जत घालायची आणि बाटल्या तटाखाली टाकून यायच्या. २०२१ च्या पावसात गडाचा रस्ता खचला, तेव्हा गडावरच्या लोकांचं काय चाललंय, किती जणांनी विचारलं?

ज्याला आठवड्यात एकच सुट्टी, त्याला चार ठिकाणं बघावीशी वाटतात, हे मान्य. पाहुण्यांमुळं तिथल्या माणसांच्या हातात चार पैसे पडतात, हेही मान्य. पण दहा मिनिटांत पळणारा माणूस पाण्याची बाटली सोडून काय घेतो तिथं?

जाऊ दे, रागाच्या भरात फार लिहिलं. ग्रुपवरची सगळी माझीच माणसं आहेत. पोरांना बाहेर न्यावं असं त्यांना वाटतं, हेच किती चांगलं आहे. पण एकच गाव धरा ना. वाडीला जायचं तर संगमावर बसा, कृष्णा आणि पंचगंगा एकमेकींत मिसळताना बघा, सावकाश बासुंदी खा, कवठाची बर्फी घ्या. २०१९ च्या पुरात हा सगळा शिरोळ तालुका पाण्यात होता. तिथल्या कुणाशी तरी बोला. आत्या त्या दिवशी आजोबांशी निम्मा वेळ पुराबद्दलच बोलत होती. पाणी आपल्याकडंही शिरलं होतं, त्यामुळं दोघांना एकमेकांचं लगेच कळत होतं.

रविवारी मी आणि आत्या एसटीनं कुरुंदवाडमार्गे खिद्रापूरला चाललोय. संध्याकाळपर्यंत तिथंच. कुणाला यायचं असेल तर शनिवारी रात्रीपर्यंत सांगा, भाकरी त्या हिशेबानं करते.