‘निवांत गेम म्हणे, इथे तर बॅटरीची चाकरी!’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू स्क्रीनशॉटसकट पूर्ण वाचला. ज्यांच्या नजरेत तो आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्या कॅम्पर व्हॅनच्या गेमला तुम्ही अंगठा खाली दिलाय. तुमचं म्हणणं असं की निवांत भटकायचं म्हणून गेम घेतला आणि बॅटरी, पाणी, फ्रिज यांची सरबराई करण्यातच जीव मेटाकुटीला आला. तळ्याकाठी रात्री बॅटरी संपली, दूध नासलं, गाडी ‘अडकली’. महागडी लिथियम बॅटरी बसवली तर ती बर्फाच्या खिंडीत भरेना. फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावर बोट ठेवून थेट तिथे पोचायची सोय, नाही, चढावर गाडी रखडते. आणि ही सगळी कटकट मुद्दाम दोन तासांनंतर सुरू होते, म्हणजे तोवर रिफंडची मुदत टळलेली असते. हा शेवटचा मुद्दा आरोपच आहे, त्याच्याकडे येतोच.

आधी ती तळ्याकाठची रात्र. स्क्रीनशॉटमध्ये गाडी झाडाखाली उभी आहे, मीटरवर ११.८ व्होल्ट दिसतायत आणि फ्रिजचा दिवा लाल आहे. कॅम्पर गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करते, दुसरी घर चालवते, म्हणजे दिवे, पाण्याचा पंप, फ्रिज. खऱ्या गाड्यांतही त्या वेगळ्याच ठेवतात, रात्रभर दिवे जाळले तरी सकाळी इंजिन सुरू व्हावं म्हणून. तुमची उतरली ती घराची. लेड-ॲसिड बॅटरी भरलेली आणि भाराशिवाय असताना १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते, अर्धी उरली की साधारण १२.२. म्हणजे ११.८ ला ती जवळजवळ रिकामी झालेली असते, आणि आणखी उतरून कायमची खराब होऊ नये म्हणून फ्रिज आपणहून बंद होतो. दूध नासलं ते त्यामुळे. गाडी अडकली नव्हती. किल्ली फिरवली असती तर ती सुरू झाली असती आणि चालता चालता अल्टरनेटरने, म्हणजे इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या यंत्राने, घराची बॅटरीही भरत गेली असती. आमच्या गेममध्ये गाडी कुठेही कायमची बंद पडत नाही. डिझेल संपलं तरी ती रांगत का होईना, पुढच्या पंपापर्यंत पोचते.

छतावर सोलर पॅनल असूनही बॅटरी भरली का नाही? स्क्रीनशॉटमध्ये पॅनलच्या डाव्या कोपऱ्यावर फांदीची सावली आहे, बघा. पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यातली सावली तेवढ्यापुरती राहत नाही, मागच्यापुढच्या सेलचा प्रवाहही अडवते. हे गेममध्ये तसंच ठेवलंय. सावलीत गाडी लावली तर आत गारवा राहतो, फ्रिजला काम कमी, पण छतावर वीज नाही. उन्हात लावली तर नेमकं उलट. मला विचाराल तर अख्ख्या गेममधला हा माझा सगळ्यात आवडता पेच आहे.

तुम्ही चाकांखाली ठोकळे लावून गाडी समतल करत बसलात, ‘नाहीतर फ्रिज बिघडतो’ म्हणून. गॅसवर चालणाऱ्या अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिजला ते लागतं, कारण त्यात कॉम्प्रेसर नसतो आणि आतलं द्रव उतारानेच वाहतं. आपल्या गाडीतला फ्रिज कॉम्प्रेसरचा आहे, त्याला थोड्या तिरपेपणाचं काही वाटत नाही. ठोकळे नाही लावलेत तर टेबलावरचा कप घरंगळतो, बाथरूमचं पाणी भलत्या कोपऱ्यात साठतं, बस्स. काहीजण ती गंमत बघायला मुद्दाम गाडी तिरकी लावतात.

आता मूळ प्रश्न. तुम्ही लिहिलंय, ‘हे सगळं काढून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?’ आमच्या पहिल्या आवृत्तीत काहीच संपत नव्हतं. लोक पहिल्याच तळ्याकाठी गाडी लावायचे, चार फोटो काढायचे आणि गेम बंद करायचे. जागा छान असली की पाय निघत नाही. तो निघायला काहीतरी निमित्त लागतं, आणि ते यादीतलं ‘अमुक करा, तमुक आणा’ असलं की भटकंतीची हजेरी होते. पाणी संपतं म्हणून वस्तीत जावं लागतं, आणि गोष्टीतली सगळी माणसं वस्तीतच आहेत. बॅटरी उतरते म्हणून उघड्या माळावर जावं लागतं, नाहीतर नुसतीच गाडी हाकावी लागते. पाणी साधारण तीन मुक्काम पुरतं, बॅटरी दोन. दोन्ही एकदम संपू नयेत म्हणून हे आकडे जाणूनबुजून वेगळे ठेवलेत.

लिथियमचंही तसंच. लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या (बॅटरीत मावणाऱ्या विजेचं हे माप) बॅटरीत हाताशी ५० च. लिथियमची बरीचशी वापरता येते, पण शून्य अंशाच्या खाली ती चार्ज करायची नसते, आणि तिचा कंट्रोलर ते करूही देत नाही. म्हणून खिंडीत आधी हीटर लावून बॅटरी उबदार करावी लागते. महाग वस्तू प्रत्येक ठिकाणी सरसच ठरली असती तर जुनी बॅटरी जपून ठेवायचं कुणाला सुचलं असतं?

शिक्षा मात्र आम्ही कुठेच ठेवलेली नाही. भुकेचा मीटर नाही, मरण नाही. स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम मला मनापासून आवडतो, पण त्यातला दिवस, गेम पॉज केला नाहीत तर, १४ मिनिटांत सरतो आणि रात्री दोनला शेतकरी आडवा होतो. आमच्याकडे बाहेर खुर्ची टाकून बसलात की घड्याळच थांबतं, हवं तितका वेळ. एवढं करूनही बॅटरी नकोच असेल तर सेटिंग्जमध्ये ‘गाडीची देखभाल’ बघा. ‘सैल’ ठेवलीत तर सगळं निम्म्या वेगाने उतरतं, ‘बंद’ ठेवलीत तर उतरतच नाही. अचिव्हमेंट्सना, म्हणजे गेममध्ये मिळणाऱ्या बिल्ल्यांना, धक्का लागत नाही.

फास्ट ट्रॅव्हल येणार नाही. अंतर प्रत्येक गेम आखडतोच, ट्रक चालवायच्या युरो ट्रक सिम्युलेटर २ या गेमचा नकाशासुद्धा साधारण १:१९ आहे, म्हणजे खऱ्या १९ किलोमीटरला गेममध्ये एक, आणि आमचा त्याहून आटोपशीर आहे. उरलेला रस्ताही काढून टाकला तर व्हॅन कशाला हवी? चढावर गाडी रखडते ती वजनाने. पाणी लिटरला एक किलो, तुमची टाकी ८० लिटरची, आणि ती तुम्ही पायथ्याशी काठोकाठ भरून घेतलीत. माथ्यावरही नळ आहे, तिथे भरा. उतरताना मात्र खालच्या गिअरमध्ये या, ब्रेक तापतात.

राहिला रिफंड. आमचा गेम जिथे विकला जातो त्या स्टीम या ऑनलाइन दुकानाचा नियम आमच्याआधीपासून आहे: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत. बॅटरीचा मीटर पहिल्या मुक्कामापासून डोळ्यांसमोर असतो, आणि पहिला मुक्काम अर्ध्या तासाच्या आत येतो. सुरुवातीचा भाग सपाट आणि उन्हाचा आहे, कारण शिकताना कुणाचं दूध नासू नये. त्याला सापळा म्हणणं मला पटत नाही. मुदत उलटली असली तरी स्टीमकडे विनंती करता येते, निर्णय त्यांचा असतो, आमची हरकत नाही.

अंगठा खालीच राहू द्या, ते तुमचं मत आहे. फक्त ‘गाडी कायमची अडकते’ हे वाक्य तेवढं बदला. ते वाचून गेम न घेणारे लोक जी गोष्ट त्यात नाहीच तिच्यापायी मागे फिरतायत.