वेळ दिला, तरीही

‘जुन्या मैत्रिणीला वेळ द्या, ती समजून घेईल,’ असं बायसेक्शुअल असल्याचं मैत्रिणीला सांगण्याबद्दलच्या एका लेखात लेखिकेने म्हटलंय. मी चार वर्षं दिला. आठवीपासून एका बाकावर बसलेलो आम्ही. ६ सप्टेंबर २०१८ला कलम ३७७चा निकाल आला, समलैंगिक संबंध गुन्हा राहिले नाहीत, त्या रात्री तिला सांगितलं की मी बायसेक्शुअल आहे, मला मुलगे आणि मुली दोन्ही आवडतात. ती म्हणाली, “मुलगे आवडतात ना तुला? मग झालं की.” पुढे दर वेळी तेच. मुलगा आवडला की ‘सुटलीस बाई’, मुलगी आवडली की विषय बदल.

मराठीत आपल्यासाठी शब्दसुद्धा धड नाही. ‘उभयलिंगी’ म्हटलं की गांडुळाचा धडा आठवतो. मुंबईत मात्र १९९५मध्येच ‘स्त्री संगम’ नावाने लेस्बियन आणि बायसेक्शुअल बायका एकत्र आल्या होत्या (आताची ‘लेबिया’), हे मला पंचविशीत कळलं. आधी कळायला हवं होतं!

पुण्यात आमच्यासारख्या बायका जमतात तिथे, एकीच्या घरी, पहिल्यांदा गेले तेव्हा सतरंजीवर आठ-नऊ जणी, मधे पेपरवर चिवडा. मी बायसेक्शुअल असल्याचं सांगितलं, तर शेजारची “मीपण” म्हणाली आणि कांदा माझ्याकडे सरकवला. मुलगे किती, मुली किती, कुणी विचारलं नाही. घरी येताना बसमध्ये मी रडले.

मैत्रिणीच्या लग्नात तिने माझ्या मनगटावरचा गुलाबी-जांभळा-निळा, म्हणजे बायसेक्शुअल झेंड्याच्या रंगांचा, दोरा काढायला लावला, सासरचे विचारतील म्हणून. मी काढला. तिच्यावर राग नाही, तिच्या आईच्या हातची आमटी अजून आठवते. पण आता मी फोन करत नाही, आणि तीही करत नाही.