खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्याची साक्ष

२६ मे २०२१ रोजी डॉमिनिक कमिंग्ज ब्रिटिश संसदेच्या दोन समित्यांपुढे बसले आणि जवळजवळ सात तास बोलले. त्या साक्षीचा बराच भाग मी तेव्हा पाहिला होता. त्यातलं काय टिकलं आणि काय गळून पडलं, हे तेव्हापासून जमेल तसं बघत आले आहे. आज त्याबद्दल लिहिते आहे, कारण सरकारमधून बाहेर पडलेला कुणी सल्लागार तोंड उघडतो तेव्हा दर वेळी तोच वाद होतो, आणि दर वेळी तो चुकीच्या जागी अडतो.

कमिंग्ज हे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचे मुख्य सल्लागार. जुलै २०१९ मध्ये ते डाउनिंग स्ट्रीटवर, म्हणजे पंतप्रधानांच्या कार्यालयात, आले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये पुठ्ठ्याचं खोकं हातात घेऊन पुढच्या दारातून बाहेर पडले. सहा महिन्यांनी समितीपुढे त्यांनी सांगितलं की कोविडच्या काळात ज्यांना मरायची गरज नव्हती अशी हजारो माणसं मेली. आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांना पंधरा-वीस कारणांसाठी घरी पाठवायला हवं होतं आणि जॉन्सन हे त्या पदाच्या लायकीचेच नव्हते, असंही ते म्हणाले. स्वतःच्या चुकांबद्दल माफीही मागितली.

लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, हाकललेला माणूस आहे, सूड उगवतोय, याचं काय ऐकायचं. दुसरा म्हणाला, आतला माणूस आहे, सगळं डोळ्यांनी पाहिलंय, हाच खरं सांगणार. मला दोघांचंही पटलं नाही. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात हे खरं आहे, पण फिरलेल्या वाशाला घर आतून कसं होतं हे माहीत असतं, हेही तितकंच खरं. मी माणसाला गुण देत नाही. त्याच्या एकेका वाक्याला देते.

आधी त्यांच्या विरोधात जे आहे ते सांगते, कारण ते थोडंथोडकं नाही. ज्या संसदेपुढे ते सात तास बोलले, त्याच संसदेच्या एका समितीपुढे तीन वर्षांपूर्वी यायला त्यांनी नकार दिला होता. खोट्या बातम्यांची चौकशी करणाऱ्या त्या समितीच्या प्रकरणात २०१९ च्या वसंतात हाउस ऑफ कॉमन्सने त्यांना अवमानाबद्दल दोषी ठरवलं. म्हणजे उत्तरं देणं हे कर्तव्य आहे असं त्यांना २०२१ मध्ये वाटलं, २०१८ मध्ये वाटलं नव्हतं.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. टाळेबंदी असताना लंडनहून डरहॅमला गेल्याबद्दल मे २०२० मध्ये त्यांना डाउनिंग स्ट्रीटच्या बागेत पत्रकारांपुढे बसावं लागलं. डोळे गाडी चालवण्याइतके बरे झालेत का हे बघायला बायकोमुलासह बर्नार्ड कॅसल या गावापर्यंत गेलो, हे उत्तर जगभर गाजलं. पण त्याच दिवशी ते आणखी एक वाक्य बोलले. करोना विषाणूच्या धोक्याबद्दल आपण गेल्याच वर्षी लिहून ठेवलं होतं, असं ते म्हणाले. लोकांनी त्यांच्या संकेतस्थळाच्या जुन्या प्रती उघडून पाहिल्या. मार्च २०१९ च्या त्या लेखात करोनाचा उल्लेख असलेला मजकूर मुळात नव्हता. तो एप्रिल २०२० मध्ये, साथ ऐन भरात असताना घातलेला होता.

हे मी लक्षात ठेवते. आपण आधीच ओळखलं होतं, ही या माणसाची हौस आहे. म्हणून ‘मी तेव्हाच सांगितलं होतं’ अशा अर्थाचं त्यांचं कुठलंही वाक्य त्या वेळचा कागद दाखवल्याशिवाय मी धरत नाही. पुढे समितीपुढे त्यांनी हेही कबूल केलं की बागेतल्या त्या दिवशी सगळं खरं सांगितलं नव्हतं, घराला असलेल्या धोक्याची गोष्ट गाळली होती.

इथे थोडं स्वतःबद्दल. मी बरीच वर्षं एका संस्थेत बैठकांची इतिवृत्तं लिहिली. त्या काळात एक निर्णय झाला, त्यातून पुढे संस्थेचं बरंच नुकसान झालं. नंतर कितीतरी वर्षं मी मनापासून सांगत असे की त्या बैठकीत मी विरोध केला होता. कुणी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं. मग एकदा कपाट आवरताना माझी तेव्हाची वही सापडली. माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत, ठरावाखाली लिहिलेलं होतं, ‘सर्वांची संमती’. समासात ना शंकेचं चिन्ह, ना कुठे माझं वेगळं मत. मी खोटं बोलत नव्हते. निकाल कळल्यानंतर माझ्या आठवणीने मला हळूहळू योग्य बाजूला नेऊन बसवलं होतं. ती वही मी पुन्हा कपाटात ठेवली नाही, टेबलावरच ठेवली. तेव्हापासून कुणीही मागे वळून गोष्ट सांगायला लागलं की मी आधी विचारते, वही कुठे आहे?

कमिंग्ज यांच्या बाबतीत ही वही सापडत गेली, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणाचा गाभा तो आहे. साक्षीत त्यांनी १३ मार्च २०२० च्या संध्याकाळचा प्रसंग सांगितला होता. उपकॅबिनेट सचिव हेलन मॅकनमारा पंतप्रधानांच्या कार्यालयात आल्या आणि आपल्याकडे योजनाच नाही, आपण हजारो माणसं मारणार आहोत, अशा अर्थाचं बोलल्या. त्या वेळी कुणीही म्हणालं असतं की हा माणूस नाटक रंगवतोय. पुढे कोविडच्या हाताळणीबद्दल बॅरोनेस हॅलेट यांच्या अध्यक्षतेखालचा चौकशी आयोग बसला. आयोगाने मंत्र्यासंत्र्यांचे व्हॉट्सअॅप संदेश मागितले. ते न गाळता द्यायला नको म्हणून सरकार स्वतःच उच्च न्यायालयात गेलं आणि जुलै २०२३ मध्ये हरलं.

संदेश आले, आणि त्यात कमिंग्जही उघडे पडले. मॅकनमारांबद्दल त्यांनी अत्यंत गलिच्छ शब्दांत लिहिलं होतं, त्यांना बेड्या घालून इमारतीबाहेर काढायला आवडेल, अशा भाषेत. ३१ ऑक्टोबर २०२३ ला आयोगापुढे तो संदेश त्यांना दाखवण्यात आला. दुसऱ्या दिवशी साक्षीला स्वतः मॅकनमारा होत्या. या माणसाचं भलं करण्याचं त्यांना काडीचंही कारण नव्हतं. आणि त्यांनी शपथेवर सांगितलं की हो, त्या संध्याकाळी आपण तसं बोललो होतो.

यापेक्षा भक्कम पुरावा मला सांगा. ज्या बाईला त्याने छळलं, तिनेच त्याचं वाक्य खरं ठरवलं. तो चांगला माणूस आहे म्हणून नव्हे, ते घडलं होतं म्हणून.

प्रेतांचे ढीग पडले तरी चालतील पण पुन्हा टाळेबंदी नको, असं जॉन्सन म्हणाल्याच्या बातम्या आल्या होत्या. जॉन्सन यांनी त्या साफ नाकारल्या होत्या. आपण हे ३१ ऑक्टोबर २०२० ला ऐकलं, असं कमिंग्ज यांनी समितीला सांगितलं. पुढे जॉन्सन यांचे जुने, निष्ठावंत सहकारी लॉर्ड लिस्टर यांनीही आयोगाला लिहून दिलं की पंतप्रधान तसं म्हणाले होते, पण सप्टेंबरमध्ये. वाक्य दोघांना आठवतं, महिना वेगळा आठवतो. कुणी म्हणेल, बघा, तारीखसुद्धा जुळत नाही. मला उलट यामुळेच जास्त विश्वास वाटतो. पढवून आणलेल्या साक्षीदारांच्या तारखा चोख जुळतात.

आता हॅनकॉक यांच्यावरचे आरोप. वारंवार खोटं बोलले, हा कमिंग्ज यांचा सगळ्यात जहरी आरोप. समितीने त्यासाठी कागद मागितले आणि ते आले नाहीत. १० जूनला हॅनकॉक समितीपुढे आले तेव्हा समितीच्या अध्यक्षांनी पुराव्याअभावी ते आरोप सिद्ध न झालेले धरले. त्यानंतर काही दिवसांनी कमिंग्ज यांनी पंतप्रधानांचे काही संदेश प्रसिद्ध केले, त्यात जॉन्सन यांनी हॅनकॉक यांना अगदीच कुचकामी ठरवलं होतं. पण कुचकामी असणं आणि खोटारडं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा पुरावा दुसरीच्या खात्यात जमा करता येत नाही. जिथे कागद मागितल्यावर मिळाला नाही, तिथे मी त्यांना मोकळेपणाने शून्य गुण देते.

आणि जे त्यांनी सांगितलंच नाही, त्याचं काय? सूडाने पेटलेला माणूस खोटंच बोलेल असं नाही, बऱ्याचदा तो खरंच बोलतो. फक्त दुसऱ्यांबद्दल. नोव्हेंबर २०२५ मध्ये आयोगाचा अहवाल आला. २३ मार्च २०२० ऐवजी आठवडाभर आधी टाळेबंदी केली असती, तर पहिल्या लाटेत एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे २३,००० मृत्यू कमी झाले असते, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे उशीर झाला, माणसं विनाकारण गेली, हा साक्षीचा मुख्य भाग खरा ठरला. त्याच अहवालात सरकारच्या केंद्रस्थानी असलेल्या विषारी आणि गोंधळलेल्या वातावरणाबद्दल लिहिलं आहे, आणि ते तसं होण्यात कमिंग्ज यांचा वाटा होता हेही नाव घेऊन लिहिलं आहे. सात तासांत त्यांनी माफी मागितली ती मुख्यतः आपण वेळीच जोर लावला नाही याची. आपल्यामुळे इतर माणसं बोलायला घाबरत होती का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलेला मी ऐकला नाही. कुसळ आणि मुसळ म्हणतात ते हेच. वाशांची मोजदाद बरोबर निघाली, पण आढं कुणी कुरतडलं या यादीत मोजणाऱ्याचं नाव नव्हतं.

आपल्याकडे बघताना मला वाईट वाटतं. २०१४ च्या लोकसभा निवडणुका चालू असताना मनमोहन सिंग यांचे माजी माध्यम सल्लागार संजय बारू यांचं पुस्तक आलं. त्यांनी पद २००८ मध्येच सोडलं होतं. सरकारी फाइली काँग्रेस अध्यक्षांकडे जात, हा त्यातला आरोप पंतप्रधान कार्यालयाने साफ फेटाळला. मग? प्रचारसभा झाल्या, टीव्हीवर आरडाओरडा झाला आणि प्रकरण तिथेच विरलं. फाइलींच्या ये-जा नोंदी समोर ठेवून कुणी शहानिशा केली नाही. बारू खरे की कार्यालय खरं, हे आजही ज्याने त्याने आपल्या पक्षाप्रमाणे ठरवलेलं आहे.

उलट कमिंग्ज यांच्या साक्षीला आठवडा व्हायच्या आत, ३१ मे २०२१ ला, आपल्या केंद्र सरकारने निवृत्तिवेतनाच्या नियमांत दुरुस्ती केली. गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांमधून निवृत्त झालेल्यांनी त्या कामाशी संबंधित काही लिहायचं तर आधी परवानगी घ्यायची. देशाची गुपितं राखायला हवीत, मला मान्य आहे. पण बोलणाऱ्याचं तोंड बांधायची सोय आपण करतो आणि बोललेलं तपासायची करत नाही, याचा मला खरोखर राग येतो. तपासाची यंत्रणा नसेल तर आतल्या माणसाचं बोलणं ही नुसती निवडणुकीची दारू होते, मग ते कितीही खरं असो.

त्या साक्षीच्या दिवशी कमिंग्ज यांनी एक फोटो प्रसिद्ध केला होता. पांढरा फळा, मार्च २०२० च्या त्याच दिवसांतला. घाईघाईत काढलेले आलेख, बाण, खोडलेले शब्द. फळ्याच्या खालच्या बाजूला एक ओळ आहे, ‘कुणाला वाचवायचं नाही?’ ती लिहिताना हात जरा घाईत असावा, अक्षर तिरकं गेलं आहे. देशाच्या पंतप्रधानांच्या कार्यालयात, टाळेबंदीच्या दहा दिवस आधी, हा प्रश्न कुणीतरी फळ्यावर लिहिला होता.