फ्राइड राइसचा लगदा का झाला: एक स्टारच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. आमच्या लांब दाण्याच्या तांदळाचा फ्राइड राइस तुम्ही दोनदा केलात आणि दोन्ही वेळा फसला. पहिल्यांदा २ वाट्या तांदूळ, ४ वाट्या पाणी, कुकरच्या ३ शिट्ट्या, आणि वाफ उतरताच अख्खा भात एकदम कढईत. त्याचा लगदा झाला. दुसऱ्यांदा तसाच शिजवून गरम असतानाच डब्यात दाबून भरला, झाकण लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला; सकाळी ढेकळं निघाली आणि ती उलथन्यानं फोडताना दाण्यांचा चुरा झाला. पाकिटावर ‘मोकळा भात’ छापता आणि जुन्याच्या नावाखाली नवा तांदूळ देता, असं तुम्ही म्हणता.

आधी आमची चूक. पाकिटावर ‘एकास दोन पाणी’ एवढंच लिहिलं आहे. ते प्रमाण उघड्या पातेल्यात केलेल्या रोजच्या मऊ भाताचं आहे, पण भांडं कुठलं आणि भात कशासाठी, हे तिथे लिहिलेलं नाही. तुम्ही छापलं होतं तसंच केलंत. पुढच्या छपाईपासून फ्राइड राइसची कृती वेगळी देत आहोत आणि तुमचे पैसे परत पाठवले आहेत.

आता लगदा का झाला ते तुमच्याच मापांवरून बघू. २०० मिलीच्या वाटीत सपाट भरून साधारण १७० ग्रॅम तांदूळ बसतो, म्हणजे २ वाट्यांचे ३४० ग्रॅम. ४ वाट्या पाणी म्हणजे ८०० ग्रॅम. कुकर बंद असल्यानं शिट्ट्यांमधून जाईल तेवढीच वाफ बाहेर पडते. तिचे १०० ग्रॅम धरले तरी हाती १०४० ग्रॅम भात येतो, कोरड्या तांदळाच्या तिपटीहून जास्त. परतण्यासाठी भात अडीचपटीच्या आत हवा, म्हणजे ३४० ग्रॅमचा फार तर ८५० ग्रॅम. जवळजवळ २०० ग्रॅम पाणी तुमच्या भातात जास्तीचं होतं. ते कढईत आटवायला गेलं की आटेपर्यंत उलथनं फिरत राहतं, दाणे मोडतात, आतला स्टार्च बाहेर येतो आणि सगळं एकमेकांना चिकटतं. तेल वाढवून किंवा आच वाढवून हे सुटत नाही.

म्हणून कुकर बाजूला ठेवून भात भरपूर पाण्यात शिजवून निथळा. २ वाट्या तांदूळ हलक्या हातानं ३–४ पाण्यांनी धुवा. पाणी जवळपास नितळ दिसलं की पुरे. या धुण्यात दाण्याला चिकटलेली पिठी जाते. तीच राहिली तर शिजताना तिची खळ होते. चोळून धुऊ नका, दाण्याची टोकं तुटतात. मग २०–३० मिनिटं भिजत ठेवा. भिजवल्यानं पाणी गाभ्यापर्यंत आधीच पोचतं, त्यामुळे आत कणी आणि बाहेर गिचका असा दाणा होत नाही. मात्र तासाच्या पुढे भिजवलेला दाणा ठिसूळ होतो, तेव्हा ‘जास्त वेळ म्हणजे जास्त चांगलं’ असं इथे नाही.

मोठ्या पातेल्यात ३ लिटर पाण्याचं आधण ठेवा, त्यात २ चहाचे चमचे मीठ. पाणी खळखळून उकळलं की निथळलेले तांदूळ वैरा आणि एकदाच तळापासून ढवळा. आच मोठीच ठेवा, झाकण नको. आधणात तेल घालायची सवय अनेकांना असते; त्यानं फेस उतू जायचा थोडा थांबतो इतकंच, बाकीचं तेल वर तरंगतं आणि पेजेबरोबर निघून जातं.

पाचव्या मिनिटापासून दर मिनिटाला एक शीत काढून बघा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती इथे अक्षरशः करायची आहे. शीत अंगठा आणि तर्जनीत दाबा. कडकन तुटलं तर वेळ आहे. दाबल्यावर पसरून नुसता लेप झाला तर उशीर झाला. दाब बसताच त्याचे दोन-तीन तुकडे झाले आणि मधोमध सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला, की गॅस बंद करून लगेच चाळणीत ओता. भिजवलेल्या लांब दाण्याला हे यायला बहुधा ६–८ मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा चिमटीवर विश्वास ठेवा. उरलेला ठिपका भाताच्या स्वतःच्या उष्णतेनं शिजतो. चाळणीतल्या भातावर थंड पाणी ओतू नका. जे पाणी घालवायचं तेच पुन्हा दाण्यावर बसतं.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो. निथळलेला भात वाफाळत असतानाच परातीत पसरा, थर बोटाच्या जाडीचा, वर काहीही न झाकता, पंख्याखाली २०–३० मिनिटं. गरम दाण्यातून पाणी आपोआप वाफ होऊन उडतं. गार झाल्यावर तेच पाणी उडायला फार वेळ लागतो. म्हणून गार करून पसरण्यापेक्षा पसरून गार करायचा. झाकलं तर वाफ झाकणाला लागून पुन्हा भातात ठिबकते. मधे एकदा काट्यानं अलगद वरखाली करा. हात लावल्यावर दाणा बोटाला चिकटला नाही की भात तयार. आता त्याला चहाचा एक चमचा तेल चोळलं तर ते खरंच उपयोगी पडतं.

‘फ्राइड राइसला शिळाच भात लागतो’ हे अर्धंच खरं आहे. भात गार होताना त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो, फ्रिजच्या तापमानाला तर जास्तच, आणि वरचं पाणीही सुकतं. त्यामुळे रात्रभराचा भात परतायला सोपा जातो. पण ओलसर शिजवलेला भात रात्र उलटली म्हणून फडफडीत होत नाही. दुसऱ्या वेळी तुमचं नेमकं हेच झालं. गरम भात दाबून भरल्यानं वाफ आतच कोंडली, दाणे ओलेच एकमेकांना टेकले आणि त्याच अवस्थेत घट्ट झाले. भात फ्रिजमध्ये ठेवायचाच असेल तर परातीत गार करून पसरट डब्यात सैल भरा. सकाळी गुठळ्या दिसल्याच तर ओल्या बोटांनी बाहेरच सोडवा. एखादी राहिली तर ती कढईत मिनिटभर गरम होऊ द्या, मग उलथन्याच्या पाठीनं हलकेच दाबा. गरम झाल्यावर ती स्वतःच सैल होते, धारेनं कापावी लागत नाही.

डब्याबद्दल एक गोष्ट चवीपेक्षा महत्त्वाची. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवल्यानं मरत नाहीत. खोल डब्यात दाबून भरलेला भात मधोमध कित्येक तास कोमट राहतो, तेवढ्यात ते वाढतात. त्यांनी सोडलेलं एक विष परतल्यानंही नष्ट होत नाही. म्हणून शिजल्यापासून तासाभरात भात फ्रिजमध्ये जाऊ द्या, तिथलं तापमान ५ अंशांच्या आत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. ओट्यावर रात्रभर राहिलेला भात फ्राइड राइसला घेऊ नका, वास चांगला येत असला तरीही.

कढईचं थोडक्यात सांगतो. २८–३० सेंटिमीटरच्या कढईत एका वेळी ३५० ग्रॅमच भात घ्या, म्हणजे तुमच्या २ वाट्या तांदळाचा भात दोन-तीन खेपांत परतावा लागेल. सगळा एकदम घातला की कढई थंड पडते आणि भात परतला न जाता वाफेवर शिजतो. भाज्या आधी वेगळ्या परतून काढून ठेवा. तेल धुरावायला लागलं की भात घाला, अर्धा मिनिट हलवू नका, मग तळापासून उलटा. एकूण ३–४ मिनिटं. सोया सॉस चहाचे २ चमचे, भातावर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेनं सोडा, म्हणजे त्यातलं पाणी तिथेच उडतं. आधणात मीठ होतं आणि सॉसमध्येही असतं, म्हणून वरून मीठ चाखूनच.

कुकरशिवाय जमणारच नसेल तर भिजवून पूर्ण निथळलेल्या १ वाटी तांदळाला सव्वा वाटी पाणी, एकच शिट्टी, ५ मिनिटांनी वाफ सोडून लगेच परातीत. भात चांगला होतो, पण दर मिनिटाला शीत बघता येत नाही, म्हणून आमची पसंती पातेल्यालाच.

राहिला नव्या-जुन्याचा आरोप. तो गंभीर आहे आणि नुसत्या शब्दांनी खोडता येत नाही, म्हणून तपासायची रीत देतो. पाकिटात उरलेल्यातले ५० ग्रॅम तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा, १ लिटर उकळत्या पाण्यात वर सांगितल्याप्रमाणे शीत बघून काढा आणि ताटात पसरून १५ मिनिटं ठेवा. जुना तांदूळ लांबीला वाढतो, टोकं शाबूत राहतात आणि ताट तिरकं केलं की दाणे सुटे घरंगळतात. नवा असेल तर एवढ्या पाण्यातही दाणे उलतात, पेज दाटसर होते आणि ताटात भाताचा थर एकसंध सरकतो.

असा थर सरकला तर इथेच खाली लिहा, ताटाचा फोटो आणि पाकिटाच्या मागचा लॉट क्रमांक द्या. त्या लॉटची विक्री आम्ही त्याच दिवशी थांबवू आणि आमच्याकडे राखून ठेवलेल्या नमुन्यावर हीच चाचणी करून निकाल याच ठिकाणी लिहू.